एक वर, एक खाली

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. सोनाराचा नाजूक काटा असो की भंगारवाल्याचा दणकट, पारडी रिकामी असताना काटा बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. लोक थट्टेने म्हणत, काटेवाल्यांच्या घरात शिंकसुद्धा मोजून येते.

त्यामुळे निजायच्या खोलीत छत गळू लागलं तेव्हा त्यांनी आधी काय केलं असेल, तर खाली डबा ठेवला आणि तासाभराने त्यातलं पाणी तोललं. त्रेचाळीस ग्रॅम भरलं. हा आकडा सांगायला घरात कोणी नव्हतं. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणून रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो तिला सांगितला.

"बाबा, घर गळतंय म्हणून सांगा की. ग्रॅम कसले सांगताय?"

"तू विचारलंस किती, म्हणून सांगितलं."

"किती वर्षं त्या घराला ठिगळं लावत बसणार? विकून टाका आणि इकडे या. मी काय परकी आहे?"

परकी नव्हती. पण दुसऱ्या शहरातलं तिचं घर काटेवाल्यांनी पाहिलं होतं. बाहेरच्या खोलीत एक सोफा होता. आपण त्या सोफ्यावर निजणार, सकाळी जावई उठायच्या आत अंथरुणाची घडी घालणार, आणि खोकला आला तरी विचारून खोकणार, असं सगळं चित्र त्यांनी मनात पक्कं करून ठेवलं होतं. "बघतो," ते म्हणाले. मुलीला हा शब्द लहानपणापासून माहीत होता. त्याचा अर्थ 'नाही' असा.

पावसाने दोन दिवस उघडीप दिली तसे ते शिडी लावून छपरावर चढले. पत्र्यावर पत्रा जिथे चढतो त्या सगळ्या सांध्यांना त्यांनी डांबर फासलं. फट म्हणून ठेवली नाही. उतरताना त्यांना बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं. पुढचा पाऊस आला तेव्हा डब्यात तासाला सत्तर ग्रॅम पाणी पडलं.

मग पत्रेवाल्याला बोलवावं लागलं. तो वर जाऊन आला, हात झटकले आणि म्हणाला, "काका, एखादा दात किडला असता तर भरून दिला असता. तुमची कवळीच बदलायची वेळ आली आहे."

"म्हणजे किती?"

त्याने आकडा सांगितला. काटेवाल्यांची चौदा महिन्यांची पेन्शन. बँकेत होतं ते बायकोच्या आजारपणात गेलं होतं. एवढा खर्च म्हणजे घर विकणं, आणि घर विकणं म्हणजे तो सोफा. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पत्रेवाला जरा विरघळला.

"खरं सांगू का? भोक एकच असणार. पण पाणी पडतं इथे आणि शिरतं भलतीकडेच. पत्र्याखालून सरकत येतं, मग तुमच्या लाकडी छताच्या फटीतून टपकतं. ते भोक शोधून द्या, मी तासाभरात बुजवतो."

"शोधायचं कसं?"

"नळी घेऊन वर जायचं. सगळ्यात खालच्या ओळीपासून पाणी सोडायचं आणि हळूहळू वर सरकायचं. खाली थेंब दिसला की थांबायचं, तिथेच भोक. पण त्याला दोघं लागतात. एक वर, एक खाली. खालच्याने लगेच ओरडायचं. माझ्याकडे त्याला वेळ नाही. घरात आहे ना कोणी?"

"आहे," काटेवाले म्हणाले.

असं का म्हणालो, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पत्रेवाला मान डोलावून गेला. शनिवारपर्यंत सांगा, म्हणाला, पुढच्या आठवड्यात मी मोठ्या कामावर जातोय.

गुरुवारी ऊन होतं. काटेवाल्यांनी एकट्याने करून पाहिलं. नळी सोडायची, शिडी उतरायची, आत जाऊन पाहायचं, परत चढायचं. चौथ्या खेपेला आत आले तर थेंब पडत होता, पण तो आत्ताचा की मघाचा, हे कोण सांगणार? गुडघे बोलू लागले तसे ते पायरीवर बसले.

मग त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली. कपाटातून जुना तराजू काढला. एका पारड्यात वाटी, दुसऱ्यात वाटीच्या भाराइतकं वजन आणि वर पाच ग्रॅम. वाटीत पाच ग्रॅमच्या वर पाणी साचलं की पारडं खाली येईल आणि दोरीने बांधलेली घंटी वाजेल. दोन तास खपून त्यांनी ते इतकं नेमकं जुळवलं की नुसत्या फुंकरीने घंटी वाजत होती. मोठ्या आनंदाने ते वर गेले आणि नळी सोडली. पत्र्यावर पाण्याचा असा ताशा वाजू लागला की खालची घंटीच काय, देवळातली वाजली असती तरी ऐकू आली नसती. खाली येऊन पाहतात तर वाटी काठोकाठ, पारडं टेकलेलं. घंटी बिचारी कधीतरी वाजून गप्प झाली होती.

आता माणूसच हवा होता. आणि माणूस म्हटलं तर भिंतीपलीकडे एकच होता. कवायतीच्या बाई.

बाईंनी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलींकडून कवायत करून घेतली होती. आवाज असा की त्यांनी घरात 'सावधान' म्हटलं तर रस्त्यावरचा सायकलवाला ताठ व्हावा. काटेवाल्यांच्या बायकोची त्यांच्याशी रोज भिंतीवरून बोलणी चालत. बायको गेली त्या आठवड्यात बाईंनी तीन संध्याकाळी येऊन दार वाजवलं होतं. काटेवाले आत दिवा न लावता बसून होते. दार उघडलं तर रडू येईल, आणि कोणासमोर रडायची सवय नव्हती. चौथ्या संध्याकाळी दार वाजलं नाही. तेव्हापासून समोरासमोर आले की दोघं मान हलवत आणि आपापल्या वाटेने जात.

शुक्रवारी सकाळी काटेवाले बाईंच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. तिसऱ्यांदा कडी वाजवली.

"काय झालं?" बाईंनी दार उघडताच विचारलं.

"काही नाही. म्हणजे, जरा पाहायचं होतं."

"काय पाहायचं होतं?"

"मी नाही. तुम्ही पाहायचं होतं. छताकडे."

काटेवाल्यांनी एका दमात सगळं सांगितलं. भोक, नळी, एक वर, एक खाली, उद्यापर्यंतची मुदत. घंटीचंही सांगून टाकलं.

"चार वर्षांपूर्वी मी तीन वेळा तुमचं दार वाजवलं," बाई म्हणाल्या. "घरात असून उघडलं नाहीत."

"घरात होतो," काटेवाले म्हणाले.

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "चला. चपला घालते."

बाई निजायच्या खोलीत मान वर करून उभ्या राहिल्या. काटेवाले छपरावर गेले आणि खालच्या ओळीवर पाणी सोडलं.

"कोरडं!" खालून आवाज आला. पाण्याच्या ताशाला फाडून आला.

ते वर सरकले.

"कोरडं!"

अजून एक हात वर.

"कोरडं!"

आपल्या घरातून कोणीतरी आपल्याला हाक मारतंय, हे काटेवाल्यांना तिसऱ्या हाकेला जाणवलं. एका जागी दोन मिनिटं पाणी सोडलं तरी पुरे होतं. त्यांनी पाच घेतली. पुढच्या जागी सहा.

"कोरडं! अहो काटेवाले, वर डुलकी लागली काय?"

"नाही नाही. नीट बघतोय."

"बघायचं काम माझं आहे! तुम्ही पुढे सरका!"

ते सरकले. चौथ्या ओळीला नळी लावली आणि खालून आरोळी आली, "आलं! आलं! तिथेच थांबा!"

काटेवाले वाकले. तिथे त्यांचंच डांबर होतं. वरच्या पत्र्याची कड जिथे खालच्यावर टेकते, ती वाट त्यांनी चोख बुजवली होती. एका सैल स्क्रूतून आत शिरणाऱ्या पाण्यातलं काही आधी तिथून मुकाट्याने बाहेर पडत असणार. आता त्याला बाहेरची वाट नव्हती. ते साचून उलटं घरात येत होतं.

खाली येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाई हसल्या. "म्हणजे निम्मी गळती तुमच्याच हातची."

"निम्मीहून थोडी कमी," काटेवाले म्हणाले. "त्रेचाळीसची सत्तर झाली."

"तुमच्या मंडळी म्हणायच्या ते खोटं नव्हतं." पण काय म्हणायच्या ते बाईंनी सांगितलं नाही आणि काटेवाल्यांना विचारायचा धीर झाला नाही. बाई दाराशी थोड्या रेंगाळल्या. "चहाचं विचारणार नाही वाटतं?"

"दूध एकाच कपापुरतं आहे," ते म्हणाले. खरंच तेवढंच होतं. कोरा चहाही चालला असता, हे त्यांना बाई फाटकातून बाहेर पडल्यावर सुचलं.

शनिवारी पत्रेवाला आला. डांबर खरवडलं, सहा स्क्रू बदलले, एक पट्टी बसवली आणि किराण्याच्या एका यादीएवढे पैसे घेऊन गेला. संध्याकाळी सर आली. डबा कोरडा राहिला.

रविवारी त्यांनी मुलीच्या फोनची वाट पाहिली नाही. आपणच लावला.

"गळती थांबली. घर विकायला नको आता."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. आणि मग, "मी मागची छोटी खोली रिकामी केली होती. खोक्यांची होती ना, ती."

"कोणासाठी?"

"कोणासाठी काय, बाबा? तुमच्यासाठी."

"मला वाटलं, बाहेर सोफ्यावर..."

"सोफ्यावर? मी तुम्हाला सोफ्यावर निजवलं असतं? ह्यांनी दोन रविवार खपून रंग दिला. फिकट पिवळा. आईला आवडायचा ना, म्हणून."

काटेवाल्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पांढरी होती. एकतीस वर्षं पांढरीच होती. रंगारी आला की ते सांगत, पांढराच द्या, डाग लगेच दिसतो. बायको बाजूला उभी असे आणि म्हणे, बरं.

"हो," ते म्हणाले. "आवडायचा."

हे आपल्याला आत्ता कळलं, ते मुलीच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी घाईने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे गं त्या खोलीला?"