दुसऱ्या तासानंतरच्या सह्या

‘तुमच्यातलीच ना रे ही सगळी? मग तूच दाखव. एकेकाला उभं कर.’

सर हे बोलले तेव्हा मी वर्गासमोर उभा होतो. हातात नोटिशीची वही. कला शाखेचं दुसरं वर्ष, दुसरा तास. मी कॉलेजचा शिपाई. एकतीस वर्षं नोकरी झाली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला अरे म्हणायचे.

नोटीस शिष्यवृत्तीची होती. ‘खालील मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी कार्यालयात भेटावे.’ खाली नावं. प्रत्येक नावापुढे जात. सरांनी नाव वाचलं, मग जात वाचली, तीही जरा मोठ्याने. कोणी उठलं नाही. दुसरं नाव, दुसरी जात. कोणी उठलं नाही. आमची पोरं बाकाच्या फळीकडे बघत बसली होती. तेव्हा सरांना माझी आठवण झाली.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘सर, काकांका पण उभे करा.’

दुसरा म्हणाला, ‘ते उभेच आसत रे. तेंका खंय बसूक मेळता?’

वर्ग हसला. सरही हसले.

आणि मी बोट उचललं.

माझा हात कोणी धरला नव्हता. कोणी दरडावलं नव्हतं. सांगितलं की करायचं, एवढंच मला येत होतं. माझं बोट पहिलं विशाखाकडे गेलं. ती आमच्या बौद्धवाडीतली, माझ्या घरापासून तिसऱ्या घरातली. बाप चिरेखाणीवर कामाला. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मीच तिला सायकलवरून सोडलं होतं.

ती उठली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काका, बोट खाली घ्या.’

मग सरांना म्हणाली, ‘सर, जात वाचायचीच तर सगळ्यांची वाचा. तुमच्यापासून सुरुवात करा.’

सर म्हणाले, ‘बाहेर हो.’

तिने पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, ‘या पानाची मी विद्यापीठाकडे तक्रार करणार.’ आणि गेली. सरांनी वहीत सही केली, वेळ घातली आणि वही माझ्या अंगावर टाकल्यासारखी दिली.

एवढंच झालं. तिने वहीला हातही लावला नाही. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी याच्या उलट लिहिलेल्या कागदावर सही केली होती.

नोटिशीच्या वहीची एक रीत असते. ती बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते आणि साहेब लोकांच्या लक्षात राहत नाही. शिपाई वही घेऊन एकेका वर्गात जातो. शिकवणारे नोटीस वाचून दाखवतात आणि त्याच पानावर खाली सही करतात. सहीपुढे वेळ. कोणी वर्गावर नसेल तर त्याच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ लिहायचो. सगळ्या कॉलेजात स्वतःच्या अक्षरात लिहिण्याचा मला तेवढा एकच अधिकार होता.

त्या दिवशी विशाखाच्या वर्गातून निघाल्यावर ती वही, तेच पान, मी आणखी तीन वर्गांत नेलं. इंग्रजीच्या बाईंनी फक्त नावं वाचली, जाती गाळल्या. बाकी दोघांनी सगळं वाचलं. तिघांनी सह्या केल्या. तिघांनी वेळ घातली.

दुपारी हेडक्लार्कने बोलावलं.

कार्यालयात माझा एक स्टीलचा पेला होता. तो खिडकीत असायचा, बाकीचे कप कपाटात. वेगळा ठेव असं मला कोणी कधी सांगितलं नाही. मी लागलो त्या दिवशी तो खिडकीत होता, एकतीस वर्षं तिथेच राहिला. मीच तो धुवायचो आणि मीच परत खिडकीत ठेवायचो.

त्या दिवशी हेडक्लार्क म्हणाला, ‘बस.’ समोरच्या खुर्चीवर. मग कॅन्टीनवाल्याला म्हणाला, ‘यांना कपातून दे.’ यांना. चहा कपात आला, खाली बशी होती. मी प्यायलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

चहा संपल्यावर त्याने टाईप केलेला कागद पुढे सरकवला. ‘सदर विद्यार्थिनीने माझ्या हातातील वही हिसकावून घेतली, पान फाडले व शिवीगाळ केली.’ खाली माझं नाव.

मी म्हटलं, ‘सायबानू, तिना पान फाडूक नाय.’

‘तिने नाही फाडलं, तर तू फाड,’ तो म्हणाला. ‘पान गेलं की संपलं. तक्रार कशाची करणार मग ती?’ मग हळूच म्हणाला, ‘आठ महिने राहिलेत तुझे. डाग घेऊन जाऊ नको.’

मी सही केली. मग वहीतून ते पान फाडलं. खालच्या टोकापासून, सरळ. वाकडं फाडलं असतं तर निदान रागाने फाडल्यासारखं दिसलं असतं.

‘मागे नेऊन जाळ,’ तो म्हणाला. पानाकडे त्याने पाहिलंही नाही. शिपायाच्या हातातल्या कागदाकडे कोण बघतो?

कॅन्टीनमागच्या कचऱ्याच्या खड्ड्यापाशी मी काडेपेटी काढली. काडी ओढली. आणि ती विझू दिली. पान घडी घालून खिशात ठेवलं. याला कोणी धैर्य म्हणू नये. सह्या झालेला कागद जाळायचा नसतो, हे हाताला एकतीस वर्षांत कळलं होतं. मन भेकड होतं. हाताने आपला नियम पाळला.

तिसऱ्या दिवशी नवी नोटीस निघाली. ‘गैरवर्तनाबद्दल नाव कमी करण्यात येत आहे.’ विशाखाचं पूर्ण नाव. तीही मीच वर्गावर्गात फिरवली. ज्या तिघांना पान शाबूत असल्याचं ठाऊक होतं, त्यांच्याही वर्गांत. त्यांनी वाचली, सह्या केल्या. मग मी ती फलकावर चार टाचण्यांनी लावली, काच ओढली, कुलूप घातलं.

तिचा दाखलाही माझ्याच हातून तिला दिला गेला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, असमाधानकारक. तिने वाचलं. वहीत पोच लिहून दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला चहा परत पेल्यातून. कप त्या एका दुपारपुरता होता.

सगळं मी बायकोला सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘त्येना तुमका कप दिल्यान, तुमी त्येका पोरगी दिलात.’ ती चार वर्षांपूर्वी वारली. तोवर विशाखाच्या आईसमोर विहिरीवर जायची वेळ आली की कळशी घेऊन लांबच्या विहिरीवर जायची. माझ्या सहीची लाज ती पाण्यासोबत वाहत होती.

निवृत्तीला शाल मिळाली. ‘प्रामाणिक सेवक’ असं भाषणात म्हणाले. मी हात जोडले.

विशाखा आणखी दोन कॉलेजांत गेली. दोन्हीकडे दाखला बघून परत दिला. मग ती कुडाळच्या रस्त्याला काजूच्या कारखान्यात लागली. बारा वर्षं झाली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मला कॉलेजचं पत्र आलं. विशाखाने विद्यापीठाकडे अर्ज केला होता. शिक्षण पुरं करायचं आहे, दाखल्यावरचा तो शेरा काढा. चौकशीला समिती येणार होती. मला हजर राहून ‘पूर्वीचा जबाब कायम असल्याबद्दल’ सही करायची होती. पत्रासोबत मजकूर टाईप करूनच पाठवला होता. जाण्यायेण्यासाठी गाडी पाठवू, असंही लिहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी कप, आता गाडी. माझी किंमत तेवढी वाढली होती.

आधी मी कारखान्यावर गेलो. बायका ओळीने बसून काजू फोडत होत्या. टरफलाचं तेल कातडी जाळतं. विशाखाच्या बोटांची टोकं काळी झालेली होती.

‘काका? हंय खंय इलात?’

‘विशाखा, माझा चुकला गो.’

‘चुकला न्हय. तुमी सही केलात.’

‘माका माफ कर.’

तिने हातातला काजू फोडला, गर बाजूला टाकला. ‘माफी घेवन मी खंय दाखवू? माका माफी नको, काका. माका कागद होयो.’

मी खिशातून पान काढलं. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. ‘माझे हात तेलाचे आसत. तुमीच धरा.’

मी धरलं, ती वाचू लागली. आपलं नाव. त्यापुढची जात. खाली सरांची सही, वेळ. त्याखाली आणखी तीन सह्या, तीन वेळा. ती वाचायची थांबली.

‘हे माझ्या वर्गानंतरचे?’

‘होय. तुझ्या वर्गात फाटला असता, तर ह्यो सह्यो खंयसून इल्यो असत्यो?’

‘बारा वर्सां ह्या पान खंय होता?’

‘ट्रंकेत.’

‘ट्रंकेत,’ ती म्हणाली. शेजारच्या बाईचा हातही थांबला होता. ‘तुमच्या ट्रंकेत ता सुकत होता. हंय मी काजू फोडी होतंय.’

मी पान घडी घालून परत खिशात ठेवलं.

समितीपुढे गेलो तो एसटीने. प्राचार्यांच्या खोलीत तीन माणसं, मध्ये एक बाई. संस्थेच्या वतीने जुना हेडक्लार्क बसला होता. आता तो संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. मला बघून त्याने खुर्ची ओढली. ‘या, या. बसा.’ चहा आला. कपातून.

मी बसलो नाही. कपाला हात लावला नाही. म्हणालो, ‘लिहून घ्या. माझा जबाब खोटा आहे. मुलीने पान फाडलं नाही. पान मी फाडलं, यांनी सांगितलं म्हणून. हे ते पान.’

हेडक्लार्क हसला. ‘वय झालंय याचं. काय बोलतोय त्याला कळत नाही.’

एकतीस वर्षं मी या माणसासमोर मान हलवली होती. त्या दिवशी नाही हलवली. ‘मला कळतं,’ मी म्हणालो. ‘तेव्हाही कळत होतं. म्हणून तर गुन्हा आहे.’

‘खोटा जबाब दिला म्हणतोस. तुझ्यावरच कारवाई होईल, समजलं?’

‘होऊ द्या. तेही लिहा.’

मधल्या बाईंनी पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ‘आजोबा, या सह्या त्यांच्याच आहेत हे त्यांनी लिहून द्यायला हवं. विशेषतः ज्यांच्या तासाला हे घडलं त्यांनी. तुम्ही एकदा खोटं लिहिलं आहे. फक्त तुमच्या शब्दावर आम्ही शेरा काढू शकत नाही.’

बरोबर बोलल्या. मला राग आला नाही. महिनाभराची मुदत दिली.

मग मी पुन्हा नोटीस फिरवायला निघालो. बहात्तराव्या वर्षी. पानाची झेरॉक्स, खाली चार नावं, प्रत्येक नावापुढे सहीला जागा. वर मीच लिहिलं, माझ्या अक्षरात: ‘ही सही माझी आहे. मी सही केली तेव्हा हे पान वहीत शाबूत होते.’

इंग्रजीच्या बाई आता सावंतवाडीला लेकीकडे असतात. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, सही केली. म्हणाल्या, ‘मला त्या दिवशीच ठाऊक होतं.’ मी म्हटलं, ‘बाई, तेही लिहा.’ शिपायाने असं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण लिहिलं.

दुसऱ्या प्राध्यापकांनी तीन खेपा घालायला लावल्या. तिसऱ्या खेपेला त्यांची बायकोच त्यांना म्हणाली, ‘सही तुमची नाय तर कोणाची? करा नि सोडवा त्या म्हाताऱ्याक.’ त्यांनी केली. तिसरे म्हणाले, आठवत नाही. मी सही दाखवली. म्हणाले, सही माझी आहे, पण आठवत नाही. मी म्हटलं, तेवढंच लिहा. लिहिलं.

राहिले ते सर. निवृत्त झाले, मिठबावला कलमांची बाग घेतली आहे. काल गेलो होतो. आंबे पेट्यांत भरायचं काम चालू होतं. मला ओळखलं. ‘अरे, तू? ये, बस.’ कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

‘जुनं कशाला उकरतोस? ती विसरूनही गेली असेल.’

‘ती काजू फोडते, सर.’

‘मग? कष्टाची लाज कसली?’

‘कष्टाची नाही. शेऱ्याची.’

‘मी काही केलेलं नाही. बोट तू दाखवलंस.’

‘होय. मी दाखवलं,’ मी म्हणालो. ‘माझं मी लिहून दिलंय. आता तुमचं तुम्ही लिहा.’

ते उठून घरात गेले. मी फाटकापाशी उभा राहिलो. संध्याकाळची शेवटची एसटी आली तेव्हा निघालो.

मुदतीला नऊ दिवस आहेत. एसटी सकाळी साडेसहाला सुटते. उद्या जाणार, परवाही जाणार. त्यांच्या फाटकापाशी उभा राहणार. येणारेजाणारे विचारतील तर कागद दाखवणार. उभं राहायची मला सवय आहे, हे त्यांच्याच वर्गात ठरलं होतं.

नवव्या दिवसापर्यंत त्यांनी सही केली तर ठीक. नाही केली तर त्यांच्या नावापुढची जागा मी रिकामी सोडणार नाही. माझ्या अक्षरात लिहीन: हजर होते. सही केली नाही. पुढे वेळ घालीन. खाली माझं पूर्ण नाव. आणि कागद समितीपुढे ठेवीन.