न उतरवलेल्या तारा

कारंज्यात माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, भांडी, आणि एका जमान्यात भोंगेसुद्धा. लग्न असो की तेरवी, लोकांच्या सुखदुःखाखाली सतरंजी माझीच असते. त्यामुळे गाणंबजावणं कसं बदलत गेलं हे मला कुणी पुस्तकातून शिकवू नये. मी ते खांब रोवता रोवता ऐकलेलं आहे.

माझ्या लहानपणी लग्नात सनई आणि डफडं असायचं. मग माझ्या बापाने तव्याचं मशीन, म्हणजे ग्रामोफोन, आणि भोंगा आणला, तेव्हा डफडंवाले मांडवाच्या बाहेर बसायला लागले. नंतर सिंदी गावचा बँड आला, लाल कोटातला, उन्हात घामाने भिजलेला. मग कॅसेटी आल्या. मग धुमाल आलं, म्हणजे मेटॅडोरवर कॅसिओ आणि ढोल चढवून गावभर फिरवायचे. आणि आता डीजे. दरवेळी आवाज वाढला आणि वाजवणारी माणसं कमी झाली. आता एकच माणूस असतो, तोही फोनवर बोलत असतो.

टिकाराम परचाके या सगळ्याच्या आधीचा होता आणि या सगळ्याला पुरून उरेल असं त्याला वाटायचं. कारंज्यापासून आत, जंगलाच्या अंगाला त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर लोक माझ्या दुकानावर भांडायला येतील. टिकाराम जातीचा परधान. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे. कोणतं घराणं कुठून आलं, त्यांचे देव कोणते, पूर्वज कोण, हे सगळं परधानाच्या पोटात असतं आणि किंगरीच्या तीन तारांवर बाहेर येतं. टिकारामची किंगरी त्याच्या बापाने केलेली होती. गज घोड्याच्या केसांचा. तो ती कुणाला हात लावू देत नसे, मलाही नाही, आणि मी त्याचा जिवाभावाचा दोस्त.

स्वभावाने म्हणाल तर नाकावर राग. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी डीजेच्या मांडवासाठी खांब घेऊन निघालो की हटकून टोमणा मारायचा. पण त्याचंही खरं होतं. लग्नातून त्याला कधीचंच काढून टाकलं होतं. त्याच्या हाती उरलं होतं ते फक्त मेलेल्यांचं काम.

ते काम असं. त्याच्या यजमान घरांत कुणी मेलं की काही महिन्यांनी त्या जिवाला देवात मिळवायचं असतं. अंगणात पाण्याने भरलेली काशाची थाळी ठेवतात. पाण्यात तांदळाचे दोन दाणे सोडतात, एक मेलेल्याचा, एक पूर्वजांचा. टिकाराम किंगरीच्या तारा चढवायचा आणि गोंडीत बोलावणी गायला सुरुवात करायचा. मेलेल्याचं नाव घेऊन त्याला वाट सांगायची, या ओढ्यावरून ये, या टेकडीवरून ये, तुझा आजा इथं बसला आहे. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना चिकटले की जीव मिळाला. मगच तारा उतरवायच्या. दाणे जुळेपर्यंत तारा उतरवायच्या नाहीत, हा नियम. कधी पाच मिनिटांत जुळायचे, कधी सकाळची दुपार व्हायची. मी एकदा विचारलं की इतका वेळ काऊन लागते.

"जिवंतपणी ज्याचं घरच्यायशी पटलं नाई, तो मेल्यावर लवकर येईन का, ओमप्रकाशभाऊ?" तो म्हणाला. "मनवा लागते त्याले."

"आणि डीजे लावला त?"

"लगन डीजेवर लागते. मेलेल्याले डीजे ऐकू येत नाई."

हे वाक्य त्याने इतक्या जणांना ऐकवलं होतं की गावात म्हण झाली होती.

त्याची बायको गंगा. बोलण्यात त्याच्या वरचढ. तिच्याकडची जुन्या चालीची रीत अशी की नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही. टिकारामने जन्मात घेतलं नाही. "ज्योत्स्नाची माय" म्हणायचा, नाहीतर नुसतं "अवं". परधानाच्या घरचं माणूस गेलं तर बोलावणी घरातल्याच गाणाऱ्याने गायची असते. हे धरून गंगा त्याला चिडवायची. एकदा माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाली, "जिवंतपणी नाई घेतलं माह्यं नाव. पण मी मेली की घ्याच लागन ना याले, चार लोकायच्या समोर." टिकाराम लाजून अंगणात जाऊन थुंकला. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

ज्योत्स्ना त्यांची एकुलती एक पोर. लहानपणी किंगरीजवळ जाऊन बसायची, बापाच्या मागे गुणगुणायची. टिकारामने तिला उठवलं. बोलावणी पोरींना शिकवत नाहीत, पोरगी दुसऱ्याच्या घरी जाते, मग ती कुणाचे पूर्वज बोलावणार, असं त्याचं म्हणणं. मी त्याला तेव्हाच मूर्ख म्हटलं होतं. तो आठ दिवस बोलला नाही. पोरगी नागपूरला जाऊन नर्स झाली.

मग खर्ऱ्याने आपलं काम केलं. गालात आतून गाठ झाली, तोंड उघडेना. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आडपडदा ठेवला नाही. जबडा जाईल, अर्धी जीभ जाईल, जीव वाचेल. टिकारामने एकच विचारलं, गाता येईल का. डॉक्टर नाही म्हणाला.

ऑपरेशनच्या आधी एक काम राहिलं होतं. भैयाजी उईके त्याचा जुना यजमान. त्याची आई जयवंता वारली होती. भैयाजीचा मुलगा नीलेश, त्याचा स्वतःचा डीजे आहे. माझ्यासमोर मोठा झालेला पोरगा, मनाने वाईट नाही. तो टिकारामच्या घरी आला आणि म्हणाला, काका, तुमचा आवाज मी चांगल्या माईकवर घेऊन ठेवतो, राहील तरी. टिकारामच्या बापाने, आज्याने हे कधी होऊ दिलं नसतं. टिकाराम दोन दिवस विचार करत राहिला आणि हो म्हणाला.

नीलेशची अक्कल अशी की त्याने आणखी एक सुचवलं. एकदा नाव न घेता गा, म्हणजे पुढे कुणाच्याही घरी चालेल. टिकारामने प्रयत्न केला. मी तिथेच होतो. किंगरी सुरू झाली, ओढा आला, टेकडी आली, आणि नावाच्या जागेवर येऊन तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"कोणाले बोलावू?" तो म्हणाला. "नाव नसलं त जो येईन तो येईन. आणि जित्या माणसाचं घेतलं त तो जाईन."

म्हणून ती बोलावणी जयवंताच्या नावानेच गायली गेली. मी त्याचं गाणं शेकडोदा ऐकलं असेन, पण त्या दिवसासारखं नाही. गाल सुजलेला, शब्द अडखळत होते, तरी भैयाजीसारखा दगड माणूस रडला. दाणे जुळायला बराच वेळ लागला. मग टिकारामने तारा उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती झाला.

परत आला तो वेगळाच माणूस. चेहऱ्याची एक बाजू बसलेली. पेज गाळून प्यायची. बोलायला गेला की नुसता घोगरा सूर निघायचा, कुणाला काही समजायचं नाही, मग त्याने बोलणंच सोडून दिलं. अंगणाच्या बाहेर निघेना. गंगा त्याच्या खुणा ओळखायची. ती अजूनही थट्टा करायची, पण तिच्या बोलण्यात आता भीती होती. एकदा मी निघताना मला फाटकाजवळ थांबवून म्हणाली, "भाऊ, आता मले मराले बी सोय नाई." मी काहीतरी वेडंवाकडं बोलून विषय टाळला.

इकडे नीलेशच्या त्या रेकॉर्डिंगला पाय फुटले. आधी त्याच्या नात्यात, मग गावातल्या धुर्व्यांच्या घरी, मग शेजारच्या गावांत. मंडप माझे असत, त्यामुळे मी पाहत होतो. थाळीच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकरचे बॉक्स. रेकॉर्डिंगखाली नीलेशने ढोलाचा ठोका टाकला होता. ठोका पडला की थाळीतलं पाणी थरथरायचं आणि दाणे मिनिटभरात चिकटायचे. लोक खूश. म्हणायचे, टिकारामपेक्षा हेच बरं, लवकर होतं. तरुण पोरांना गोंडी येत नाही आणि म्हाताऱ्यांना त्या आवाजात ऐकू येत नाही. मी नीलेशला विचारलं की बाबा, त्यात तर तुझ्या आजीचं नाव आहे.

तो म्हणाला, "नाव येते तिथं मी इको वाढवतो, काका. समजत नाई कोणाले."

म्हणजे पंचक्रोशीत जो मरेल त्याच्या नावाने जयवंताच बोलावली जात होती. टिकारामला हे माहीत नव्हतं. त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

गंगा गेली ती दिवाळीनंतर, कापूस वेचताना. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी प्यायला बसली आणि तिथेच कलंडली. टिकाराम प्रेताजवळ बसून राहिला. रडलाही नाही. मला वाटतं त्याच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट होती, आता हिचं नाव कोण घेणार.

फाल्गुनात तिला देवात मिळवायचं ठरलं. ज्योत्स्ना रजा काढून आली. नाइलाजाने बाहेरचा गाणारा शोधला, मिळाला नाही. जे होते ते मेले होते, त्यांची पोरं नोकरीला होती. मग नीलेश स्वतःहून बॉक्स घेऊन आला. काकांच्या उपकाराची फेड म्हणून आलो, असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. टिकारामने मान हलवली. त्याला वाटलं असावं, आवाज तर आपलाच आहे, नावाच्या जागी नीलेश ते थांबवेल.

सकाळची वेळ होती. थाळी मांडली. ज्योत्स्नाने दोन दाणे सोडले. टिकाराम किंगरीच्या तारा चढवून मांडीवर घेऊन बसला, निदान वाजवावी म्हणून. नीलेशने बटण दाबलं.

टिकारामचा आवाज अंगणात आला, जुना, धडधाकट. तो ऐकताना त्याचा चेहरा उजळला होता, मी पाहिलं. ओढा आला, टेकडी आली. मग नावाची जागा आली. नीलेशने इको वाढवला. जयवंता, जयवंता, जयवंता, असं ते भिंतींवर आपटत राहिलं. बाकी कुणाला ते समजलं नसतं, पण गाणाऱ्याला स्वतःचं गाणं समजणारच. बायकोच्या थाळीसमोर बसून तो स्वतःच्या तोंडून दुसऱ्या बाईला बोलावताना ऐकत होता. तेवढ्यात ढोलाचा ठोका पडला, पाणी थरथरलं आणि दाणे चिकटले. बाया म्हणाल्या, मिळाली, गंगाबाई मिळाली.

टिकाराम उठला आणि बॉक्सची वायर ओढून काढली. मग थाळीजवळ वाकून त्याने बोटाने दोन्ही दाणे वेगळे केले.

तो पुन्हा बसला आणि किंगरी वाजवायला लागला. नावाच्या जागेवर आला आणि तोंड उघडलं. जन्मात न घेतलेलं नाव तो चार लोकांसमोर घेत होता, तिने सांगितलं होतं तसंच. बाहेर आलं ते नुसतं "अं-आ". त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा "अं-आ". दाणे हलले नाहीत. ऊन चढलं, लोक एकेक करून जेवायला गेले, माझी कामावरची पोरं खुर्च्या आवरायला लागली तर मी त्यांच्या अंगावर खेकसलो. संध्याकाळी दाणे फुगले आणि आधी एक, मग दुसरा, असे बुडाले. जुळले नाहीत.

नीलेश भिंतीशी उभा राहून रडत होता. म्हाताऱ्यांना विचारलं की बुडाले त्याचं काय, तर ते म्हणाले, असं कधी झालं नाही. ज्योत्स्ना थाळीजवळ बसूनच होती. बापाकडे न पाहता म्हणाली, "मले शिकवलं असतं बाबा, त आज माय अशी ताटकळली नसती." त्याने ऐकलं.

किंगरीच्या तारा त्याने उतरवल्या नाहीत. आता वैशाख आहे. उन्हाने लाकूड आकसतं आणि ताणाने दांडी वाकायला लागली आहे, हे मला दारातूनही दिसतं. ज्योत्स्ना मागच्या रविवारी आली होती, तेव्हा खुंटीला हात लावून म्हणाली, "सैल करू का बाबा? मोडून जाईन." त्याने तिचा हात धरून बाजूला केला. मग रोजच्यासारखी थाळी पुढ्यात ओढली, दोन ताजे दाणे सोडले आणि गज उचलला.

तो नाव घ्यायचा सराव करतो. अख्खा दिवस तेच, अं-आ, अं-आ. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं म्हातारा कण्हतो आहे. तो काय म्हणतो आहे हे मला कळतं, ज्योत्स्नाला कळतं. पण आम्हाला कळून काही उपयोग नाही. जिला कळायला पाहिजे तिचा दाणा अजून पूर्वजांच्या दाण्यापासून दूर, थाळीच्या दुसऱ्या कडेला आहे.