उजेडमामांचं निळं पिंप

शाळेतली पोरं त्यांना उजेडमामा म्हणत. वर्गातली ट्यूब फडफडायला लागली की मामा शिडी घेऊन हजर, आणि शिडीवरूनच पोरांची मापं काढणार. माणूस कामाला वाघ, पण स्वतःच्या टापटिपीचं कौतुक जरा जास्तच. जळालेल्या ट्यूबा अडगळीच्या खोलीत पडून राहिलेल्या त्यांना मुळीच खपत नसत. शाळेमागच्या भिंतीशी एक निळं पिंप होतं. त्यात ट्यूब उभी धरायची, लोखंडी गजाने फट्कन फोडायची आणि वरून झाकण लावायचं. ढीगभर ट्यूबांचा गुडघाभर चुरा व्हायचा. मुख्याध्यापक बाई आल्यागेल्याला ती जागा दाखवून म्हणत, "आमच्या मामांकडून शिका," आणि मामा उगाचच गजावरून फडकं फिरवत.

नवं पिंप आलं तेव्हा जुनं निळं पिंप मामांनी कोरड्या फडक्याने पुसलं आणि लेकीकडे पोचवलं. तिचं घर म्हणजे काडेपेटी, त्यात तान्ही मुलगी. दुपटी-पांघरुणं ठेवायला झाकणाचं पिंप म्हणजे मोठीच सोय झाली. एकदा ती म्हणाली, "बाबा, कितीही झटका, पांघरुणांना पांढरी भुकटी लागतेच."

"शाळेतलं पिंप आहे, खडूची असेल," मामा म्हणाले. "नातीला आत्तापासून शिक्षणाची गोडी." दोघंही हसली.

पुढे शाळेत नवे एलईडी दिवे बसले आणि जुने दिवे, पंखे, वायरी न्यायला गाडी आली. गाडीबरोबरच्या बाईने लांबट खोकी आणली होती. "काका, ट्यूबा कुठायत? अख्ख्या हव्यात."

मामांनी छाती काढून तिला मागे नेलं आणि झाकण उचललं. ती पटकन मागे सरली.

"झाका आधी. काका, ह्यात पारा असतो. फोडली की तो हवेत जातो, आणि आतली ही पांढरी भुकटी असते ना, तिलाही चिकटून राहतो. लहान मुलांना फार वाईट. म्हणून तर आम्ही अख्ख्या नेतो. कारखान्यात बंद यंत्रात फोडतात, काच वेगळी, पारा वेगळा."

ती रागावली नव्हती, हीच पंचाईत. रागावली असती तर मामांनीही चार शब्द सुनावले असते. "पोरं खेळतात का इकडे?" तिने विचारलं. मामांनी मान डोलावली. 'पांढरी भुकटी' ऐकल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शाळा सुटताच ते थेट लेकीकडे निघाले. वाटेत खरं काय ते सांगायचं ठरवलं, आणि दारात पोचेपर्यंत अवसान गळालं.

"पिंप परत हवंय गं. शाळेत लागतंय."

लेक हसली. "लेकीला दिलेलं परत नेणारे तुम्हीच पहिले." तिने पांघरुणं पलंगावर टाकली आणि पिंप रिकामं करून दिलं.

पिंप कवटाळून मामा जिन्यापर्यंत गेलेही. सुटलो बुवा, असं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना किळस आली. पिंप चाललं होतं, भुकटी तर पांघरुणांतच राहिली होती.

ते मागे वळले. दार उघडंच होतं. लेक त्यातलंच एक दुपटं मुलीच्या अंगावर घालत होती.

"ते नको घालूस," मामा म्हणाले. मग दारातूनच, मान वर न करता, सगळं सांगून टाकलं. ट्यूबा, गज, पारा, आणि आत्ताची ती 'शाळेत लागतंय' म्हणून मारलेली थापही. लाजेने त्यांना स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता.

 लेकीने मुलीवरचं दुपटं काढून पिशवीत कोंबलं, बाकीची पांघरुणंही कोंबली, पिशवीचं तोंड बांधलं आणि खिडकी उघडली. आजोबा दिसल्याबरोबर नात हात नाचवायला लागली. रोज संध्याकाळी कामावरून परस्पर येऊन मामा तिला आधी कडेवर घेत. सवयीने त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ट्यूबा फोडताना हाच शर्ट असतो का अंगात?"

मामांनी पिंप घट्ट धरलं आणि आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं.