सुचविणाऱ्याचं नाव

"हा अंगठा कुणाचा हाय, मावशी? तुमचाच ना?"

कारखान्याच्या गट ऑफिसातल्या कारकुनानं कागद माझ्यापुढं धरला. तिथं बसलेले चार-पाच बागायतदार वाकून बघायला लागले. अंगठा माझाच होता. त्याखाली माझं नाव दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. आणि वर छापलेलं नाव चेअरमनसाहेबांच्या डॉक्टर जावयाचं.

"तुमी तर पुरस्काराला आधीच शास्त्रज्ञ सुचवून ठेवलाय की," कारकून म्हणाला. "एका सभासदाला एकच नाव सुचवता येतं. आता ही दुसरी कोण आणलीत?"

माझ्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी 'चौथी' लिहिलं होतं. ते एकानं मोठ्यानं वाचलं. म्हणाला, "चौथीतली बाई शास्त्रज्ञ निवडाया लागली. मग शास्त्रज्ञांना खुरपायला धाडा की!"

सगळे हसले. मीपण हसले. भीतीनं.

माझा फॉर्म सुजाताताईंसाठी होता. ताई उमापूरकडच्या. आईबाप ऊस तोडायचे, लेक शिकली, पुण्यात संशोधन करते. उन्हात राबणाऱ्या बायांची मूत्रपिंडं कशानं निकामी होतात, ते त्या शोधतात. दोन हंगाम त्या आमच्या ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर आल्या. सकाळी बायांच्या लघवीच्या बाटल्या मी गोळा करून द्यायचे. बाया लाजायच्या, पदराखाली झाकून आणायच्या. ताई बाटली दोन्ही हातांनी घ्यायच्या. आमच्या मुताला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. फॉर्ममध्ये मी हेच लिहिलं होतं. दुसरं मोठं काही मला लिहिता येत नाही.

माझी जाऊ कौसा उसाच्या फडातच गेली. आडोसा नाही म्हणून ती दिवसदिवस पाणी प्यायची नाही. पाय सुजले तर मुकादम म्हणाला, ढोंग करते. ती मेल्यावर ताईंनी मला विचारलं, "दिवसाला किती तांबे पाणी प्यायच्या त्या?" आम्हाला असं तोवर कुणी विचारलं नव्हतं.

कारखान्याच्या ट्रस्टचा पुरस्कार आहे. रोगांवर संशोधन करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी. नाव कुठल्याही सभासदानं सुचवावं, असं पत्रक फळ्यावर लागलं होतं. नवऱ्यामागं त्याचा शेअर माझ्या नावावर झाला. दुष्काळानं ऊस गेला, मी दुसऱ्यांचा तोडायला लागले, पण सभासद मी आहेच. पुरस्कार मिळाला तर ताईंचं काम चालू राहील, नाहीतर या उन्हाळ्यानंतर बंद. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. दिवाळीत त्यांना पंचेचाळीस पुरी होतात. म्हणजे हेच शेवटचं साल. फॉर्म लिहायला मला चार दिवस लागले.

आणि त्याआधीच माझा अंगठा जावयाच्या कागदावर उठला होता.

मागच्या आठवड्यात टँकरबरोबर कारखान्याचा माणूस वस्तीवर आला. म्हणाला, "पाण्याच्या यादीवर अंगठे द्या." सगळ्या सभासदांनी दिले. कागद वरून दुमडलेला होता. मला वाचता येतं. मी दुमड उघडून बघितली नाही. चार माणसांत बाईनं कागद वाचायचा म्हणजे आगाऊपणा वाटला. सहीसुद्धा येते मला. पण शाईचा डबा पुढं आला की मी अंगठा पुढं करते. ठराव असो, सभेची हजेरी असो. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. इतकी वर्षं असंच.

माझ्या लाजेनं ताईंची वाट अडवली होती.

"साहेब, हा अंगठा पाण्याच्या यादीसाठी घेतला होता," मी म्हणाले.

"मग पाणी मिळालं का न्हाई?"

"मिळालं."

"मग झालं की!"

"मला तो मागं घ्यायचाय."

"घ्या की. उद्यापासून टँकर तुमच्या वस्तीकडं वळणार न्हाई. चालंल?"

टेबलावर पेन पडलं होतं. मी ते उचललं आणि त्या कागदावर, अंगठ्याच्या बाजूला लिहिलं: 'पाण्याची यादी म्हणून फसवून घेतला. मी यांना सुचवलेलं नाही.' खाली सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली.

कारकुनानं कागद हिसकला. "कागदाची वाट लावली! निघा!"

"माझ्या फॉर्मवर आवकचा शिक्का मारा."

त्यानं फॉर्म दाराकडं फेकला. मी वाकून उचलला. धूळ झटकली. शिक्का न घेताच निघून आले.

आज टँकर आला नाही. शेजारची साखरबाई रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. "लई शहाणी झालीस! तुझ्या डॉक्टरणीपायी माझी म्हस रेकून मरायलीय."

मी तिला अंगठ्याचं सांगितलं. कागदावर खरं काय होतं ते सांगितलं.

"मला काय करायचंय?" ती म्हणाली. "पाण्यासाठी मी धा जावयांना अंगठा दिला असता."

तिची म्हैस खरंच तहानलेली आहे. ताईंना मी काही कळवलेलं नाही.

फॉर्म द्यायची उद्या शेवटची तारीख. टँकरसाठी तहसीलदाराला अर्ज लिहून ठेवलाय, उद्या आधी तो देणार. मग गट ऑफिस. फॉर्म टेबलावर ठेवणार आणि टेबलासमोर खाली बसणार. बोलायला जमलं नाही तर बोलणार नाही. पण उठणार नाही. शिक्का मारा, नाहीतर मला उचलून बाहेर टाका. दोन्हींतलं एक त्यांना सगळ्यांसमोर करावंच लागेल.