बारकीच्या लग्नाची गाडी

माझ्या मामांना सगळं गाव ब्रेकमामा म्हणायचं. सख्खी भाची मी एकटीच, पण त्यांना मामा म्हणणारे शेकड्यांनी होते, कारण निम्म्या गावाला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती. पेट्रोल पंपाला लागून एक खोली, दारावर पाटी, आत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एवढंच त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. कॉलेज सुटलं की मी तिथे बसायची आणि कुणाची शिकवणी कधी ते बघायची. बाहेर उभी असायची ती राखाडी गाडी. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते. मामांचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं राहिला की गाडीतून उतरल्यावरही सुटेना. बसमध्ये बसले की समोरच्या सीटच्या दांड्यावर पाय रोवायचे. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याजवळ आला की उजवा पाय आपोआप खाली जायचा. न्हावी म्हणायचा, "मामा, मी कधीचा थांबलोय. आता पाय काढा, म्हणजे पुढे जाईन."

मामी गेली तेव्हा त्यांची मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. तिला सगळे बारकी म्हणत. पुढे ती उंचीत बापाच्या डोक्यावरून गेली, तरी बारकीच राहिली. शाळा सुटल्यावर तिला ठेवणार कुठे? मामा तिला गाडीत मागच्या सीटवर बसवायचे. तिथेच ती डबा खायची, पाढे पाठ करायची, दप्तरावर डोकं ठेवून झोपायची. शिकायला येणाऱ्यांनाही तिची सवय झाली होती. बँकेतल्या एक बाई चौक आला की घाबरून डोळेच मिटून घ्यायच्या. मागून आवाज यायचा, "काकू, उघडा आता, हिरवा झालाय." दातांचे एक डॉक्टर होते, गाडी मागे घेताना कुंडीला धक्का लागला की कुंडीची माफी मागायचे. बारकी पोट धरधरून हसायची. मामा तिच्यावर डोळे वटारायचे आणि मग तोंड खिडकीकडे फिरवून स्वतः हसायचे.

एकदा शेजारून लग्नाची सजवलेली गाडी गेली. मीही त्या दिवशी मागेच बसले होते. बारकीनं काचेला नाक लावून विचारलं, "बाबा, माझ्या लग्नात मला कोण नेणार?"

"कोण म्हणजे? मी काय मेलोय?"

"नक्की ना?"

"अगं, आधी नवरा तर मिळू दे. गाडीचं मी बघतो."

एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर त्या घरात भांडण झालं की बारकीची शेवटची धमकी ठरलेली असायची, "जा, मी तुझ्या गाडीतून लग्नाला जाणारच नाही!" आणि मामा लगेच नरमायचे.

बारकी फिजिओथेरपी शिकली आणि पुढच्या शिक्षणाला परदेशी गेली. तिकडच्याच एका इस्पितळात लागली. विमानतळावर तिला सोडून मामा आणि मी परत निघालो. घरापाशी आल्यावर मामा गाडी थांबवून म्हणाले, "मागची सीट झटकून घ्यायला हवी. बिस्किटांचा चुरा आहे." चुरा नव्हता. ती सीट कित्येक वर्षांपूर्वीच बदलली होती.

काही वर्षांनी बारकीचा फोन आला. तिथलाच एक मुलगा होता, शाळेत गणित शिकवायचा. लग्न करायचं ठरलं होतं. पण ते तिकडेच करावं लागणार होतं. बारकीच्या तिथे राहण्याच्या परवानगीचं काम अर्धवट होतं. ते पुरं व्हायच्या आत ती देशाबाहेर पडली, तर परत आत जाणं अवघड होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तिकडे गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवतात?"

तिकडे उलट्या बाजूनं चालवत. झालं, मामा कामाला लागले. बाहेरदेशी चालणारा परवाना काढून आणला. मग रोज सकाळी शिकवणीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून उलट्या बाजूनं गाडी चालवायचा सराव सुरू झाला. मला शेजारी बसवायचे. "चुकलो की ओरड," म्हणायचे. उभ्या जन्मात जे दुसऱ्यांना चुकताना पकडत आले, ते वळणावर हमखास जुन्या बाजूला जायचे. मी ओरडायची. "अरेच्चा," म्हणून कपाळावर हात मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत मामांइतका खूश माणूस गावात दुसरा नव्हता. नवा कोट शिवला. बँकेतल्या काकूंपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं की मुलीला लग्नाला आपणच नेणार.

व्हिसासाठी राजधानीला जावं लागलं. वकिलातीत एकट्यालाच आत सोडत होते, म्हणून मी समोरच्या झाडाखाली थांबले. मामा आत गेले आणि मी चहावाल्याकडे दुसरा चहा सांगते न सांगते तोच बाहेर आले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रस्ता ओलांडताना नेहमीसारखं उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघितलं.

"काय झालं?"

"नाही म्हणाली."

"कोण?"

"काचेपलीकडची मुलगी. चांगली होती बिचारी. हसून बोलली." मग त्यांनी सांगितलं तिनं काय काय विचारलं ते. घरी कोण असतं? कोणी नाही, बायको गेली, एकच मुलगी, ती तुमच्याकडे. घर स्वतःचं? भाड्याचं. तुम्ही इथे नसताना धंदा कोण बघणार? कोणी नाही, कुलूप लावणार.

"मामा!" मी डोक्याला हात लावला. "असं सांगतात का कुणी?"

"मग कसं सांगतात? खरं तेच आहे."

"पण ऐकणाऱ्याला काय वाटेल, की ह्या माणसाचं इथे काहीच नाही, मग तो परत कशाला येईल?"

"तेच लिहून दिलंय त्यांनी." मामांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "त्यांना वाटलं मी तिकडे लपून राहीन. मी! जन्मात पिवळा दिवा ओलांडला नाही गं मी."

मामांचा आवाज असा कापरा झालेला मी आधी फक्त एकदाच ऐकला होता, मामी गेली तेव्हा.

परत आल्यावर गावानं अकलेचे तारे तोडले. कुणी म्हणे, शेती आहे म्हणून सांगायचं. कुणी म्हणे, दुसरं लग्न ठरलंय म्हणायचं, बायको वाट बघतेय. मामा सगळ्यांना हो हो म्हणायचे. पुन्हा अर्ज करायला लग्नाच्या आत तारीख मिळत नव्हती. नवा कोट कपाटात गेला. सकाळचा सराव बंद झाला. मैदानावरच्या चुन्याच्या रेघा शिकायला येणाऱ्यांच्या चाकांखाली हळूहळू पुसून गेल्या.

बारकीला मीच फोनवर सांगितलं. मामांच्यानं होईना. ती आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "बाबाला फोन दे." मामांनी घेतला.

"बाबा, आपण लग्न पुढे ढकलू."

"मुळीच नाही. लोकांनी सुट्ट्या काढल्यात, हॉल ठरलाय. एका गाडीसाठी अख्खा रस्ता अडवून धरायचा नसतो."

"मग मला नेणार कोण?"

मामा म्हणाले, "त्याच्या घरचं कोणीतरी नेईल की. चांगली माणसं आहेत म्हणालीस."

"नाही. कोणी नाही नेणार," बारकी म्हणाली. "मी स्वतः चालवत जाणार. तू शेजारी बस."

"अगं, व्हिसा…"

"फोनवर बस."

लग्नाच्या दिवशी तिकडे सकाळ होती आणि आमच्याकडे संध्याकाळ. मला वाटलं होतं मामा घरी बसून बोलतील. पण ते नवा कोट घालून, दाढी करून ड्रायव्हिंग स्कूलवर आले. राखाडी गाडी उघडली आणि शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. सीटबेल्ट लावला. फोन समोर ठेवला. मला म्हणाले, "मागे बस. आवाज करू नकोस, तिचं लक्ष जाईल."

फोन वाजला.

"बाबा, बसले मी."

"बेल्ट?"

"लावला."

"तो घोळदार पोशाख आहे ना गं? वर खोचून घे. पेडलमध्ये अडकेल."

"खोचलाय. पार गुडघ्यापर्यंत. नवरी कमी आणि कोळीण जास्त दिसतेय."

"आणि टाचेचे बूट?"

"शेजारच्या सीटवर. तुझ्या मांडीवर ठेवलेत असं समज."

"शाब्बास. आरसा बघ. निघ."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग इंडिकेटरची टिकटिक. मामा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणायचे, "तिसरा टाक आता." बारकी म्हणायची, "बाबा, ही गियरची गाडी नाही." "बरं बरं. मग नको टाकू." एकदा तिकडे जोरात हॉर्न वाजला आणि मामांचा पाय धाडकन ब्रेकवर गेला. आमची उभी गाडी गदगदली.

"काय झालं गं?"

"काही नाही. मागचा माणूस माझा पोशाख बघून हॉर्न वाजवतोय. हात हलवतोय."

"तू नको हलवूस. दोन्ही हात चाकावर."

हॉर्न मागे पडला तशी बारकी हळूच म्हणाली, "बाबा, आई आज असती तर…"

"मागे बसली असती," मामा म्हणाले. "आणि तुला हळू चालव, हळू चालव म्हणून भंडावून सोडलं असतं. समोर बघ."

तिचं हसणं आणि नाक ओढणं एकदमच ऐकू आलं. मी मागे पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते.

हॉलपाशी जागा अरुंद होती. मामांनी तिला तोंडी सांगून सांगून गाडी मागे घ्यायला लावली, "आता चाक पूर्ण फिरव, आता सरळ, सावकाश, आता बस." काही दिसत नसताना! मग म्हणाले, "हँडब्रेक ओढ," आणि आमच्या गाडीचाही ओढला.

"बाबा, जाऊ?"

"जा. बूट घाल आधी."

दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बारकी फोन गाडीतच विसरून गेली. तिकडे लग्न लागत होतं आणि आम्हाला ऐकू येत होती ती एक रिकामी गाडी.

"मामा, ठेवू का फोन?"

"राहू दे गं," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

मग आम्ही ते ऐकत बसलो. लांबून कुठूनतरी पाखरं ओरडत होती. कुणी बाजूनं चालत गेलं, काहीतरी बोललं, एक लहान मूल किंचाळलं. एकदा अगदी बारीक टाळ्यांचा आवाज आला. मामांनी माझ्याकडे वळून बघितलं, मी मान हलवली. पंपावरचे दिवे लागले. पंपावरची माणसं येऊन काचेतून डोकावून गेली, पण मामांचा तो कोट बघून कुणी काही विचारलं नाही. मामांनी मधेच मामीच्या आठवणी काढल्या. तिला त्यांनी गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि तिनं पहिल्याच दिवशी मैदानाच्या मधोमध गाडी सोडून पायी घर गाठलं होतं. "म्हणाली, मी संसार चालवते तेवढं पुरे आहे." हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अखेर दार उघडलं. दोन माणसांचे आवाज आले.

"बाबा! तू आहेस अजून?"

"मग कुठे जाणार? झालं?"

"झालं."

नंतर एका पुरुषाचा आवाज आला. पाठ केलेलं मराठी तो एकेक शब्द सुटा करून बोलला, "बाबा, मी, तुमचा, जावई."

मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "त्याला विचार, परतीला गाडी तो चालवणार का?"

बारकीनं विचारलं. उत्तर आलं. बारकी हसत सुटली. "बाबा, त्याला गाडी येतच नाही! सायकलनं शाळेत जातो तो."

"अरे देवा," मामा म्हणाले. "बघून तरी करायचा!"

दीड-दोन वर्षांनी बारकीची कागदपत्रं झाली आणि दोघं आले. मामांनी जावयाला आल्या आल्या मैदानावर नेलं. भाषा एकाला एकाची येत नव्हती. मामा हातवारे करायचे, जावई मान डोलवायचा, आणि गाडी आचके देत देत बंद पडायची. तो काही शेवटपर्यंत नीट शिकला नाही. पण दोघांची मैत्री जमली ती त्या मैदानावर.

पुढे नात झाली तेव्हा मामांनी पुन्हा अर्ज केला. कुणी काही शिकवलं तरी उत्तरं तीच दिली, घरी कोणी नाही, घर भाड्याचं, धंद्याला कुलूप. ह्या वेळी व्हिसा मिळाला. का मिळाला ते आम्हाला कळलं नाही, जसं तेव्हा का नाही मिळाला तेही कधी पटलं नव्हतं. मामा गेले, आणि मुदत संपायच्या बरेच दिवस आधी परत आले. मी त्यांना आणायला गेले होते.

"एवढ्यात का आलात? बारकीनं ठेवून नाही घेतलं?"

"रडली. पण म्हटलं, त्यांना दिसू दे, मी येतो ते." मग म्हणाले, "कुणी बघत होतं की नाही कोण जाणे."

बॅग गाडीत ठेवली. मी चालवत होते, ते शेजारी बसले होते, खूप थकलेले आणि खूप प्रसन्न.

"सांगा ना, कशी आहे नात?"

"शिंकते," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"शिंक यायच्या आधी डोळे मिटून, तोंड उघडून अशी थांबते बघ. येतेय की नाही, येतेय की नाही. घरातले सगळे आपापली कामं टाकून तिच्याकडे बघत उभे. तुझी मामी अगदी अशीच थांबायची." आणि त्यांनी ते करून दाखवलं, डोळे मिटून, तोंड उघडून, चेहरा वर करून. मग स्वतःच इतके हसले की मला गाडी कडेला घ्यावी लागली.