शुराव्हेची परीक्षा

पाहुणी म्हणून आलेल्या वृद्ध बाईला फारसे ऐकू येत नाही, असे सर्वांनी परस्पर ठरवलेले असते. त्यामुळे तिच्याजवळ किस्से आपोआप साठतात. माझे कान उत्तम आहेत.

माझी नात मुक्ता जन्माने अमेरिकन. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती एका फ्रेंच बोली शब्दाचे मूळ शोधते: शुराव्हे, म्हणजे चोरणे.

"आजी, इट्स युअर वर्ड! आपला 'चोर' रोमानी लोकांबरोबर इंडियातून युरोपला गेला." रोमानी म्हणजे ज्यांना आम्ही जिप्सी म्हणायचो ते.

शुक्रवारी समितीने मंजुरी दिली तरच विषय पुढे जाणार होता. नाहीतर वर्षभराचे काम वाया.

"एका चोरामागे एक वर्ष?" मी विचारले.

"आणि अजून पकडला गेला नाही, आजी," तिची नागपूरची रूममेट गार्गी म्हणाली.

०

या घरात फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर मालकाचे नाव असते. एके सकाळी माझ्या श्रीखंडाच्या डब्यावर चिठ्ठी होती: "आजी दोन चमचे शुराव्हे केलं सॉरी गार्गी". मी लाल पेन्सिलीने विरामचिन्हे घालून ती परत केली.

दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी निर्दोष होती. डबा रिकामा होता.

०

भाषणाची तालीम स्वयंपाकघरात चाले. समिती म्हणजे मी. जुनी मॅट्रिक असले तरी पुराव्याशिवाय गुण देत नाही.

"हा शब्द प्रॉबेब्ली..."

"नापास."

"आजी, माझं एक वाक्यपण झालं नाहीये!"

"अंदाज करणाऱ्याने आधी कोश दाखवावा."

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर गार्गी म्हणाली, "मुक्ता यार, या समितीनंतर शुक्रवारी तुला बोअर होईल."

०

मसुद्याचा शेवट झोकदार होता: रोमानींनी फ्रेंचांना चोरी शिकवली. मी तो खोडला.

"बट इट्स कॅची!"

"शब्द त्यांचा, म्हणून चोरीही त्यांची? हे कोणत्या कोशात आहे?"

मुक्ता रुसली. दिवसभर माझ्याशी इंग्रजीतच बोलली, तेही व्याकरणशुद्ध.

०

शुक्रवारी मी मागच्या रांगेत बसले. समितीचे अध्यक्ष एक वयस्कर फ्रेंच प्राध्यापक. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले, "म्हणजे रोमानी लोकांनी आम्हाला चोरीचा शब्द दिला?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे.

"दिला नाही, सर. त्यांच्याकडे पाण्याला, नाकाला, मिठालाही शब्द होते. तुमच्या लोकांनी नेमका हाच उचलला. न विचारता."

प्राध्यापक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मंजुरीच्या कागदासाठी त्यांनी माझे शाईचे पेन मागून घेतले, झोकात सही केली, टोपण लावले आणि पेन स्वतःच्या खिशात ठेवले.

मी उठले. मुक्ताने माझा पदर घट्ट धरला.

"आजी, नॉट नाउ. प्लीज."