निवदाआधीची भाकरी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, शाळेत सहावीचे पेपर तपासत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. दादाला जाऊन आता पाच आठवडे झाले. त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती काही केल्या मला स्वस्थ बसू देत नाही...

आमचं घर वडूजच्या पुढचं, मेंढरांमागे फिरलेलं. दादा दवाखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीला गेला, तिथंच अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढंही तो जत्रेला न चुकता यायचा, सगळ्यांना भेटायचा. जेवायच्या वेळी मात्र उठून बाहेर ओट्यावर बसायचा. देवापुढं कापलेलं बोकड, देवाला दाखवलेलं अन्न त्याला चालत नव्हतं. आईला त्यातलं एवढंच कळायचं, की पोरगा माझ्या हातचं खात नाही. ती आग्रह करायची नाही. दोन घास खाऊन स्वतःचंही ताट बाजूला सारायची.

एका वर्षी मी चिडले. "तुझ्या धर्मग्रंथात बी बोकडं कापल्यात की, दादा."

"कापल्यात," तो म्हणाला. "पण ज्याला बोकड परवडत न्हाई त्यानं नुसतं पीठ आणलं तरी चालायचं." मग तो जुन्या इस्राएली लोकांच्या अन्नार्पणाबद्दल बोलत राहिला. सपीठ, तेल, धूप आणि मीठ. खमीर नको, मध नको. मूठभर अग्नीला, उरलेलं याजकाला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला. "आमच्यासाठी ते सपीठ म्हंजे ख्रिस्ताचं जगणं. लय बारीक, कुठं कण हाताला लागत न्हाई. तेल म्हंजे पवित्र आत्मा. खमिरानं पीठ फुगतं तसं पापानं माणूस फुगतंय, म्हणून ते नको. मीठ नासत न्हाई, तसा देवाचा शब्द."

"आन मध का नको?"

"नुसता गोडवा विस्तवावर टिकत न्हाई." तो पुढं म्हणाला, "आणि एक शांत्यर्पण असतं. थोडं देवाला, थोडं याजकाला, बाकीचं देणाऱ्याच्या घरानं मिळून जेवायचं. देवाशी समेट झाल्याची पंगत ती."

"मग आईशी तुझा समेट कवा?"

तो संध्याकाळच्या एसटीनं, मला न सांगताच निघून गेला.

पुढच्या जत्रेला तो सकाळीच आला आणि थेट चुलीपाशी बसला. "आई, निवदाच्या आधी एक भाकरी काढ. ती आपण दोघं मिळून खाऊ."

आई कितीतरी वेळ पीठ मळत राहिली. उभ्या जन्मात तिनं देवाआधी कुणाला वाढलं नव्हतं, आमच्या आजारी वडिलांनासुद्धा नाही. शेवटी "बस रं" म्हणाली. पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली, आणि त्यातलाच तुकडा मोडून तोंडात घातला. दादा इतका खूश झाला, की दिवसभर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी, तो गेल्यावर, आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देवाचं चुकलं न्हवं का माझ्याकडनं. त्याला सांगू नगं, न्हाईतर परत ओट्यावर जाऊन बसंल." ती असेपर्यंत दर वर्षी तसंच चाललं. दादानं हौसेनं भाकरी खायची, आणि आईनं दुसऱ्या दिवशी कडक उपवास धरायचा. आई गेल्यावरही मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? कधी वाटतं, अर्पण म्हणजे काय हे त्याला त्या एका उपवासातून जास्त कळलं असतं. कधी वाटतं, त्याच्या तोंडचा घास कडू केला असता मी.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेले. चर्चमधल्या प्रभुभोजनाची बिनखमिराची रोटी दर महिन्याला दादाच घरी करायचा. वहिनी म्हणाल्या, "या वेळी तुम्ही कराल? माझा हात चालत नाही."

"माझ्या हातची चालेल?"

"ते आईंचं बघूनच शिकले होते."

मी कणीक मळली. लाटता लाटता मला राहवेना, आणि आईच्या उपवासाचं सगळं वहिनींना सांगून टाकलं. त्यांनी रोट्या पांढऱ्या फडक्यात बांधल्या, दादाचं पोळपाट धुतलं, पुसलं, त्याच्या जागी भिंतीला टेकवून ठेवलं.

दुपारी मी दोन ताटं घेतली. वहिनींनी एक परत फळीवर ठेवलं.

"तुम्ही जेवा, वन्सं," त्या म्हणाल्या. "मला आज नको."